सुंदराबाई कोणाच्या गाडीत फुकट बसत नाहीत

आधीच सांगून टाकतो, मला राग लवकर येतो. डॉक्टर म्हणतात गोळी वेळेवर घ्या, बायको म्हणते ते कोर्टासमोरचं टेबल बंद करा. मी दोघांचंही ऐकत नाही. अमरावतीच्या जिल्हा कोर्टासमोर लिंबाच्या झाडाखाली मी एकतीस वर्षं बसतो आहे. आधी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आणि प्रिंटर आहे. फारकतीचे, वाटणीचे, जामिनाचे अर्ज टाइप करता करता माणूस कोडगा होतो, तसा मीही झालो होतो. मग सुंदराबाई तायडेंचा एक कागद माझ्या हाताखालून गेला. त्या कागदाने त्या बाईचं काय केलं ते मी सहा वर्षं पाहिलं, म्हणून हे लिहितो आहे.

सुंदराबाई भातकुली तालुक्यातल्या एका लहानशा गावच्या. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या पोरांची खिचडी शिजवायच्या आणि दुपारनंतर शेतात तण निंदायला जायच्या. नवरा देवमन काविळीने गेला त्याला बरीच वर्षं झाली. एकुलती एक मुलगी प्रियदर्शनी अकोल्याला दिलेली. वयाच्या तिशीत साक्षरतेच्या वर्गात जाऊन त्या सही शिकल्या, आणि सही म्हणजे अर्धवट फराटा नाही, 'सुंदराबाई देवमन तायडे' असं पूर्ण नाव, वेलांट्यांसकट. त्यांची सही होईस्तोवर बँकेतला माणूस चहा पिऊन यायचा म्हणे.

बाईंचा स्वभाव एका शब्दात सांगायचा तर त्यांना फुकट चालत नसे. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, चिमूटभर साखर तरी घालायची, हे आपल्याकडे सगळेच पाळतात. सुंदराबाईंनी त्याचा कायदा केला होता. समोरच्या लीलाबाईंकडून कढी आली की त्याच वाटीतून बरबटीचे वडे जायचे. अंबाडीची भाजी आली की मुगाच्या वड्या जायच्या. लीलाबाईंच्या सगळ्या भांड्यांवर 'सौ. लीला भगवंत' असं कोरलेलं होतं आणि त्यातली निम्मी भांडी कायम सुंदराबाईंच्या फळीवर असायची.

यात हसण्यासारखं काही नाही. लीलाबाई आणि त्यांचे यजमान भगवंतराव यांचं घर गावच्या जुन्या कास्तकारांचं, आणि सुंदराबाईंचं बौद्धपुऱ्याच्या तोंडाशी. मधे एक रस्ता. त्यांच्या आज्यांच्या काळात तो रस्ता ओलांडून वाटी जात नव्हती. जात होतं ते उरलंसुरलं, आणि तेही वरून टाकलेलं. सुंदराबाई मला एकदा म्हणाल्या होत्या, "माह्या मायनं पदर पसरला होता भाऊ. मी नाई पसरत. कोनाचं घेतलं तं देल्लं पायजे." ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे जे काही झालं ते ह्या एका गोष्टीमुळे झालं.

२०१९च्या फेब्रुवारीत एका पहाटे सहाच्या आत अकोल्याहून जावयाचा फोन आला. प्रियदर्शनीला पंधरा दिवस आधीच कळा सुरू झाल्या होत्या. गावातून पहिली एसटी आठला. बाई रस्ता ओलांडून गेल्या तेव्हा भगवंतराव ओट्यावर मंजन घासत होते. त्यांनी काही विचारलं नाही. चूळ भरली, सदरा चढवला आणि घरची चारचाकी बाहेर काढली. लीलाबाईंनी बाळंतिणीसाठी घरच्या तुपाची झाकणाची वाटी सुंदराबाईंच्या हातात दिली.

गाडीत बसताच बाईंनी पाचशेची नोट पुढे केली. भगवंतराव भडकले. "ठेव वो ताई तुह्याजवळ. मी काय टॅक्सीवाला हाये?" बाईंनी हात मागे घेतला आणि पुढे ठेवलेल्या गजानन महाराजांच्या फोटोमागे नोट खोचून दिली. "पेट्रोलले होतीन," एवढंच म्हणाल्या. भगवंतरावांनी ते पाहिलं आणि हसून गिअर टाकला. त्यांना बाई माहीत होत्या, वाद घालून उपयोग नव्हता.

बडनेरा ओलांडल्यावर मूर्तिजापूरच्या अलीकडे, ऐन उजाडताना, तुरीच्या शेतातून एक रोही रस्त्यावर आला. शहरातले लोक ज्याला नीलगाय म्हणतात तो. घोड्याएवढं जनावर. भगवंतरावांनी त्याला वाचवायला स्टेअरिंग वळवलं, गाडी खाली उतरली आणि डाव्या अंगावर कलंडली. डावीकडे सुंदराबाई होत्या. डाव्या हातात तुपाची वाटी, म्हणून त्यांनी उजव्या हाताने खिडकीवरची कडी धरली होती; तो हात सुटून खिडकीबाहेर गेला आणि गाडी त्याच्यावर आली.

अकोल्याच्या दवाखान्यात तो हात कोपराच्या वरून काढावा लागला. त्याच सकाळी साडेनऊ वाजता त्याच शहरात त्यांना नात झाली. ती त्यांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती सव्वा महिन्याची होती, आणि तिला दोन्ही हातांनी घेणं त्यांच्या नशिबातून गेलं होतं.

पोलिसांनी गुन्हा दाखल केला भगवंतरावांवर. रोह्यावर गुन्हा दाखल होत नाही.

अकराव्या दिवशी दवाखान्यात एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, गोड बोलणं, हातात डझनभर केळी. नाव योगेश. विमा कंपनीसाठी अपघाताची चौकशी करतात, हे त्यांनी सांगितलं, पण अशा आवाजात की ऐकणाऱ्याला वाटावं पैसे द्यायलाच आलेत. 'आई, आई' करत ते उशाशी बसले. एक केळं स्वतः सोलून बाईंना भरवलं. मग गप्पांच्या ओघात विचारलं, "भगवंतरावांनी तुम्हाला असं फुकटच नेलं का हो, आई?"

हा प्रश्न विचारणाऱ्याला माणसं कळत होती. कुठे बोट ठेवलं की काय बाहेर येतं हे त्याला नीट ठाऊक होतं. हात गेलेली बाई औषधाच्या गुंगीतसुद्धा ताठ झाली. "फुकट? मी कोनाच्या गाडीत फुकट बसत नाई. पाचशे रुपये देल्ले त्याईले."

योगेशने ते लिहून घेतलं. सही करायला हात नव्हता, म्हणून डावा अंगठा घेतला. तिशीत सही शिकलेल्या बाईचा अंगठा! आणि ती बिचारी त्याला म्हणाली, "केळं खाय ना बाबू, तू बी."

आता माझी पाळी. दुसऱ्या दिवशी योगेश माझ्या टेबलाशी आला. तो माझं बांधलेलं गिऱ्हाईक, महिन्याला तीस-चाळीस पानं त्याची असायची. त्याने हाताने लिहिलेला कागद पुढे ठेवला आणि स्वतःच सांगत गेला. कागदावर त्याच्याच अक्षरात होतं की मालक पैसे घेत नव्हता, बाईने फोटोमागे ठेवले. त्या ओळीवर त्याने पेन्सिलीने काट मारली आणि मला सांगितलं, "लिहा, सदर प्रवासापोटी वाहनमालकास भाडे म्हणून रुपये पाचशे अदा केले." मी लिहिलं. वर तो म्हणाला, "अंगठ्याचं पान शेवटचं आहे, ते तसंच जोडा." मी जोडलं. पानाला वीस रुपये घेतले. कच्चा कागद सवयीप्रमाणे तारेला टोचला, आणि पुढचा जामीन अर्ज टाइप करायला घेतला.

त्या एका ओळीचा अर्थ मला कळत नव्हता असं नाही. एकतीस वर्षं काय गवत उपटतो आहे मी इथे? खासगी गाडी भाड्याने चालवली असं ठरलं की विम्याची अट मोडते, आणि अट मोडली की कंपनी हात झटकून मोकळी होते. हे मला माहीत होतं. तरी मी टाइप केलं, कारण मला कोणी विचार करायचे पैसे देत नव्हतं. त्या वेळी असंच वाटलं. आज हे लिहिताना कानशिलं तापतात.

चार महिन्यांनी सुंदराबाई स्वतः माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेला, त्याखालची बाही रिकामी. सोबत चंद्रभान वकील. नुकसानभरपाईचा दावा टाकायचा होता. नाव ऐकलं आणि मी ओळखलं. तोंडातून अक्षर काढलं नाही.

अपघाताच्या दाव्याचं एक ठरलेलं वाक्य असतं, ते माझी बोटं झोपेतही टाइप करतात: 'सदर वाहनचालकाने आपले वाहन हयगयीने, निष्काळजीपणे व भरधाव वेगात चालवून.' चालकाची चूक दाखवल्याशिवाय त्या कलमाखाली दावा उभाच राहत नाही. मी वाचून दाखवलं तशा बाई उठल्या.

"हे काय लिहून राहिले तुमी? भगवंतभाऊ भरधाव नोते चालवत. साठच्या वर काटा गेला नाई. मले दिसत होता काटा."

चंद्रभान वकील म्हणाले, "ताई, हे लिहावंच लागते. कायदा हाये."

"खोटं लिहाले लावते तो कोनता कायदा? मले नेलं त्या मानसानं अन् मी त्याच्यावर बालंट आनू?"

आणि ही बाई चक्क निघून गेली. मी मनात म्हटलं, गेला दावा. पण तिसऱ्या दिवशी त्या परत आल्या, आणि सोबत खुद्द भगवंतराव. साठी ओलांडलेला, ओबडधोबड, मोठ्या आवाजाचा माणूस. टेबलावर हात आपटून म्हणाले, "लिव गा, काय लिवाचं ते लिव. हयगय लिव, भरधाव लिव. ताई, पैसे काही माह्या घरून नाई जात. कंपनी देते. कायले भरतो मी हप्ता दरसाल?"

मी टाइप केलं. बाईंनी डाव्या हाताचा अंगठा लावला. भगवंतराव झाले गैरअर्जदार क्रमांक एक, कंपनी क्रमांक दोन. समन्स घरी आलं तर भगवंतरावांनी ते लीलाबाईंना हसत वाचून दाखवलं म्हणे. वकील लावला नाही, कोर्टात आले नाहीत. कंपनी आहे ना, ती बघेल! सगळ्या गावाचा हाच समज होता, आणि हप्ता घेताना कंपनीनेही हेच सांगितलं होतं.

मधे टाळेबंदी आली, तारखा पडत राहिल्या. शाळेतलं काम गेलं, दुसरी बाई लागली. भाकरी थापणं, वेणी घालणं, दोरीवरचा कपडा पिळणं, सगळ्याला दुसऱ्याचा हात लागायचा. लीलाबाई रोज सकाळी येऊन त्यांचे केस विंचरायच्या. पैशाचं मला सांगू नका. मला तेवढं विंचरणं आठवतं, कारण पुढे तेच बंद झालं.

साक्षीच्या दिवशी चंद्रभान वकिलांनी बाईंना माझ्याच टेबलाशी बसवून पढवलं. "ताई, पैसे दिले काय म्हनून विचारतीन. नाई म्हनाचं. फक्त नाई." त्या वेळी तरी मी सांगायला हवं होतं. घरी गोणीत त्या वर्षीची तार पडून होती, तारेवर तो कच्चा कागद होता, आणि मी प्रिंटरमधला कागद सरळ करत होतो. योगेशची महिन्याची चाळीस पानं डोळ्यांसमोर होती. भेकडपणा म्हणतात तो हाच.

मग मी काम टाकून अपघात-दाव्यांच्या न्यायाधिकरणाच्या खोलीत जाऊन मागच्या बाकावर बसलो. कंपनीच्या वकिलांनी आधी हाताचं काढलं. "डाव्या हाताने खिचडी ढवळता येते की नाही?"

"साहेब, चुलीवरचा वीस लिटरचा गंज तुमी एका हातानं उतरून दाखवा," बाई म्हणाल्या. मागे कोणीतरी हसलं. वकील नाही हसले.

"प्रवासासाठी तुम्ही पाचशे रुपये दिले होते की नाही? हो किंवा नाही."

चंद्रभान वकील बाईंकडे बघत मान हलवत होते, नाही, नाही.

"देल्ले."

"कशाबद्दल?"

"गाडीत बसली म्हनून. पेट्रोल काय फुकट येते?"

वकील खाली बसले. त्यांचं काम झालं होतं. भगवंतराव पैसे घेत नव्हते, नोट फोटोमागे खोचली, हे त्यांनी विचारलंच नाही. आमच्या वकिलांनी फेरतपासात, म्हणजे उलटतपासणीनंतरच्या आपल्या पाळीत, विचारायला हवं होतं, तर ते कपाळाला हात लावून बसले होते. बाहेर आल्यावर ते बाईंवर ओरडले, आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "एकदा भरधाव म्हनून खोटं बोलली मी. तेच अजून गळ्यात अडकून हाये. दुसरं कुठी ठेवू?"

२०२२च्या डिसेंबरात निकाल लागला. बाईंचा हात गेला हे मान्य. चालकाची चूक मान्य. नुकसानभरपाई सात लाख चाळीस हजार, व्याजासह. आणि पुढे: वाहन भाड्याने वापरल्याने विम्याच्या अटीचा भंग झाला आहे, सबब विमा कंपनीस मुक्त करण्यात येत असून सदर रक्कम वाहनमालकाने अदा करावी. आधार कशाचा? बाईंच्या स्वतःच्या कबुलीचा, आणि माझ्या टेबलावर टाइप झालेल्या त्या जबाबाचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. ज्याने अंगावरच्या सदऱ्यानिशी गाडी काढली तो दोषी ठरला, आणि जिने बारा वर्षं हप्ते मोजून घेतले ती कंपनी सुटली. मी निकालाची प्रत वाचली आणि टेबलावरचा ग्लास फोडला. बायकोने काच गोळा केली.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ही म्हण विमा कंपनीच्याच एखाद्या माणसाने काढली असावी. शहाणे घरी बसले की कंपनीचं फावतं.

गावात बातमी निकालाच्या आधी पोचली. लीलाबाईंच्या माहेरचे आले आणि त्यांनी कान भरले: पाहा, केलेल्या उपकाराचं फळ पाहा, आता तुमच्या वावरावर तिच्या नावाची जप्ती येईल. सकाळचं केस विंचरणं दुसऱ्याच दिवशी बंद झालं. अपघाताच्या दिवसाची ती तुपाची वाटी अजून सुंदराबाईंकडेच होती. गाडीत चेपलेली, पण झाकण लागत होतं. लीलाबाई रोज येत होत्या तोवर ती परत द्यायची आठवणच झाली नव्हती. बाईंनी तिच्यात तिळाचे लाडू भरले आणि रस्ता ओलांडून गेल्या.

लीलाबाई दारातच उभ्या राहिल्या. "ठेव तुह्याजवळ. कोर्टात दाखवजो, लीलानं वाटीचं बी भाडं घेतलं म्हनून."

हे सांगताना सुंदराबाई रडल्या नाहीत. माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसल्या होत्या आणि रिकाम्या बाहीची गाठ डाव्या हाताने सोडत-बांधत होत्या. चंद्रभान वकील समजावत होते की दोन रस्ते आहेत. एक, वसुलीचा अर्ज टाका. तहसीलमार्फत भगवंतरावांच्या जमिनीवर बोजा चढेल, वर्षभरात पैसे हातात. दुसरा, नागपूरला उच्च न्यायालयात अपील करा, की पैसे कंपनीनेच द्यावेत. किती वर्षं लागतील ते देवालाही ठाऊक नाही, आणि हरलात तर हरलात.

"मले हात लावायचा हाये तो कितीले येते?" बाईंनी विचारलं. कृत्रिम हाताबद्दल विचारत होत्या. वकिलांनी आकडा सांगितला. बाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "भगवंतभाऊच्या वावरावर मी बोजा नाई चढवत. एक हात गेला तं गेला. नागपूर."

मी हे ऐकलं आणि माझ्यानं राहवलं नाही. तिथेच सगळं सांगून टाकलं: केळीवाला माझ्याकडे आला होता, जबाब मीच टाइप केला, त्याच्या अक्षरातल्या कागदावर खरं काय ते होतं, त्यावर काट त्याने माझ्यासमोर मारली. साडेतीन वर्षं मी गप्प होतो. वकील माझ्याकडे बघतच राहिले. बाईंनी रिकाम्या बाहीची गाठ बांधून टाकली.

"टायपिंगचे पैसे घेतले होते त्याच्याजवळून?" मग त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग बरोबर हाये. तुमी काही फुकट नाई केलं."

यापेक्षा त्यांनी कानाखाली लावली असती तर बरं झालं असतं.

मी घरी जाऊन गोणी उपसल्या. त्या वर्षीच्या तारेवर, मार्चच्या थरात, कागद सापडला. पिवळा पडलेला, मधोमध भोक, पण अक्षर स्वच्छ आणि पेन्सिलीची काटही स्वच्छ. माझ्या प्रतिज्ञापत्रासह तो नागपूरला गेला. योगेशला कळल्या दिवसापासून त्याची पानं बंद झाली. आमच्या रांगेतल्या दोन-तीन टायपिस्टांनी मला वेड्यात काढलं. काढू दे.

नागपूरचा निकाल यायला आणखी अडीच वर्षं लागली. २०२५च्या उन्हाळ्यात आला. तो मी अठ्ठावीस वेळा वाचला असेल. शेजारधर्म म्हणून नेलेल्या व्यक्तीने इंधनासाठी आपखुशीने काही रक्कम ठेवली, एवढ्याने खासगी वाहन भाड्याचे होत नाही; कंपनीने संपूर्ण रक्कम व्याजासह भरावी. जबाब घेणारा चौकशी अधिकारी साक्षीला आलाच नाही, तेव्हा त्या जबाबाला मुळातच किंमत नव्हती, असंही त्यात आहे. माझ्या कागदाचा उल्लेख एका ओळीत. त्याच्याशिवायही निकाल हाच लागला असता.

म्हणजे बघा. ही चार वाक्यं पहिल्याच दिवशी लिहिता आली असती. जे तेव्हा खरं होतं तेच आजही खरं आहे, नवीन काही घडलं नाही. मधल्या सहा वर्षांत फक्त एक बाई सही विसरली, कंबरेत वाकली, आणि समोरचं दार बंद झालं. कंपनीने व्याज भरलं. कंपनीला व्याजाचं काय? ते तिच्या धंद्यातच धरलेलं असतं. भगवंतराव आता ओट्यावर बसलेले असले की सुंदराबाईंना हाक मारतात, 'काय वो ताई' म्हणतात. लीलाबाई आत निघून जातात. निकालपत्र तेवीस पानांचं आहे, त्यात वाटीबद्दल काही नाही. ती अजून बाईंच्या फळीवर आहे.

एक चूक वर लिहून गेलो ती दुरुस्त करतो. बाई सही विसरल्या नाहीत. ते पुढे येतंच.

गेल्या महिन्यात कोर्टात जमा झालेली रक्कम काढायच्या अर्जासाठी बाई आल्या. मी टाइप करत होतो आणि शेजारच्या टेबलाशी योगेश उभा होता. पांढरा शर्ट, थोडं पोट सुटलेलं, दुसऱ्याच कोणाचा जबाब टाइप करून घेत होता. पायाशी कापडी पिशवी, तिच्यातून केळ्यांचा घड डोकावत होता. आता कोणाच्या उशाशी जायचं होतं कोण जाणे. माझं डोकं सणकलं, मी उठायला लागलो. बाईंनी डाव्या हाताने मला खाली बसवलं आणि स्वतः त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"डझन केवढ्याले आनले होते?"

त्याने ओळखलं नाही. "कोणते, आई?"

"आई म्हनू नोको. अकोल्याच्या दवाखान्यात आनले होते ते. माहा हात कापला तवा."

आता ओळखलं. हसण्याचा प्रयत्न केला. "अहो, राहू द्या ना. त्याचं काय एवढं."

"केवढ्याले?"

"चाळीस असतील. आठवत नाही मला."

बाईंनी कंबरेचा बटवा काढला, त्याची दोरी दातात धरली आणि दहाच्या चार नोटा त्याच्या टाइप होत असलेल्या जबाबावर ठेवल्या. "मी कोनाचं फुकट खात नाई. शालिकभाऊ, पावती टाइप करा."

मी केली. 'सुंदराबाई देवमन तायडे यांच्याकडून एक डझन केळ्यांचे रुपये चाळीस मिळाले.' प्रिंट काढून योगेशसमोर धरली. त्याने खिशातून पेन काढलं.

"सही नाई," बाई म्हणाल्या. "अंगठा."

रांगेतली सगळी टेबलं थांबली होती. पक्षकार, वकिलांचे कारकून, चहावाला, सगळे उभे. योगेशने इकडेतिकडे पाहिलं. मी स्टॅम्पपॅड उघडून पुढे सरकवलं. कटकट मिटवायची म्हणून असेल, किंवा लाजेने असेल, त्याने डावा अंगठा टेकवला, पिशवी उचलली आणि निघाला. नोटा त्याने उचलल्या नव्हत्या. बाईंनी त्याला परत बोलावलं आणि उचलायला लावल्या.

मग त्या माझ्या स्टुलावर बसल्या आणि माझं पेन डाव्या हातात धरलं. नातीची जुनी पाटी घरी आणून त्या गिरवत होत्या, मला पत्ताच नव्हता. त्या निळ्या अंगठ्याच्या खाली त्यांनी सही केली. अक्षरं सगळी उलट्या बाजूला कललेली, पण पूर्ण नाव, वेलांट्यांसकट. पावतीची घडी करून बटव्यात ठेवली, आणि पावतीच्या टायपिंगचे वीस रुपये माझ्या टेबलावर ठेवून त्या उठल्या. मी घेतले. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही.